अब्बा, पाना आणि शटर

आमच्या घराच्या तळमजल्यावर गाडी ठेवायची खोली आहे. तिला दार नाही, लोखंडी शटर आहे. 10 फूट रुंद, 8 फूट उंच. आखातातल्या कमाईवर बांधलेल्या कोकणातल्या पुष्कळ घरांना असं शटर दिसतं. अब्बांनी कुवेतला फिटरचं काम करून हे घर उभं केलं, तेव्हा त्या खोलीत गाडी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आता तिथे जुनी कार आहे, स्कूटर आहे, जादा सिलिंडर आहे आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नाला नेल्या जाणाऱ्या दोन देगा आहेत.

या शटरने आम्हाला जे शिकवलं ते फार महागात पडलं, म्हणून लिहून ठेवतो आहोत.

त्रास सुरू झाला 2021 च्या पुरानंतर. चिपळूणकरांना ती तारीख सांगायला नको. 21 जुलैला बकरी ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी, 22 तारखेला, वाशिष्ठी शहरात शिरली. काही घरी वाटायचं गोश्त आमच्याकडे तसंच राहिलं होतं. पाणी ओसरल्यावर शटर वर जाईना. दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये चिखल भरून घट्ट बसला होता. त्या दिवसांत शटरवाला मिळणं शक्यच नव्हतं, सगळ्या बाजारपेठेची शटरं अडकलेली. आम्ही पहार लावून ते उचकटलं. खालची पट्टी वाकली, वरच्या दोन पट्ट्याही दबल्या.

पुढचं काम अब्बांनी हाती घेतलं. घरात कारागीर बोलवायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा. स्टुलावर बसून त्यांनी पातळ पट्टीने चॅनलमधला चिखल वरून खाली खरवडून काढला. मग तारेच्या ब्रशने गंज घासला, रॉकेलच्या फडक्याने चॅनल पुसून काढलं आणि कोरडं झाल्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवला. ग्रीस थापलं नाही. "ग्रीसला धूळ चिकटते, मग तेच ग्रीस चॅनल अडवतं," असं ते म्हणाले आणि ते खरं आहे. कुलपाच्या भोकातली माती सुईने काढून त्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. शटर पुन्हा चालू झालं.

इथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. शटरच्या निम्म्या तक्रारी चॅनलमधली घाण, गंज आणि कोरडेपणा यांच्याच असतात. घरातलं कुणीही हे काम करू शकतं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, दमट हवेत मध्येही एखाद्या वेळी. एखादी पट्टी बाजूला सरकली असेल तर शटर पूर्ण खाली घेऊन, लाकडाचा तुकडा मध्ये धरून, हातोडीने हलकेच ठोकून ती जागेवर आणता येते. पण पट्टी चॅनलच्या बाहेरच आली असेल किंवा चिरली असेल तर तिथे थांबायचं.

आवाजाचंही तसंच. फजरच्या जमातीला अब्बा स्कूटरवरून जातात. पहाटे शटर वर गेलं की सगळ्या आळीला कळायचं. शेजारच्या काकूंनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण काकांना हृदयाचा त्रास आहे आणि पहाटेच काय तो त्यांचा डोळा लागतो, हे आम्हाला फार उशिरा समजलं. आम्हाला लाज वाटली. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण इतकं ऐकतो, आणि आपलंच शटर दोन वर्षं त्यांच्या उशाशी खडखडत होतं. चॅनल साफ झाल्यावर आवाज पुष्कळ कमी झाला. तरीही तेव्हापासून स्कूटर रात्री अंगणातच राहते.

पण एक गोष्ट आम्ही पाहून न पाहिल्यासारखी केली. शटर महिन्यामहिन्याने जड होत चाललं होतं.

आधी अम्मी एका हाताने ते वर ढकलायच्या. नंतर दोन हात लागायला लागले, मग आमच्यातलं कुणीतरी मदतीला. गंज असेल, असं आम्ही म्हणायचो. खरं कारण वरच्या डब्यात होतं. तिथे आडवा पाइप असतो आणि त्यावर गुंडाळलेल्या स्प्रिंगा. आमच्या शटरचं वजन 100 किलोच्या आसपास भरेल. ते एका माणसाला उचलता येतं कारण ओझं स्प्रिंगा पेलतात. शटर खाली ओढताना आपण त्या स्प्रिंगांना पीळ देतो आणि वर जाताना तो पीळच आपल्याला मदत करतो. म्हणजे शटर बंद असतं तेव्हा वर सगळ्यात जास्त ताण साठलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही.

स्प्रिंग थकली आहे का हे घरी ओळखता येतं, पण चाचणी घेताना शटरखाली कुणी उभं नको, मुलं तर आसपासही नकोत. शटर अर्ध्यावर आणून हात जरा सैल करा. ते तिथेच थांबलं किंवा थोडंसंच हललं तर ठीक. धाडकन खाली येऊ लागलं तर स्प्रिंग सैल झाली आहे. आपोआप वर पळालं आणि बंद करताना लटकावं लागलं तर ती जादा आवळलेली आहे. आम्ही ही चाचणी तेव्हा घेतली असती तर पुढचं टळलं असतं.

एका दुपारी खोलीत कुणी नसताना वरून 'टण्ण' असा मोठा आवाज झाला. आम्हाला वाटलं देग पडली. देगा जागच्या जागी होत्या. शटर मात्र वीतभर उचललं की एका बाजूला तिरकं व्हायचं आणि हातातून सुटायचं. तीनपैकी एक स्प्रिंग तुटली होती.

अब्बांनी शिडी मागवली, पेटीतून कुवेतचा मोठा पाइपपाना काढला. "यात काय आहे, पाइप सोडवायचा, स्प्रिंग बदलायची." वय 71. आम्ही एकदा म्हटलं, "अब्बा, मिस्त्रीला बोलावू या." ते म्हणाले, "मिस्त्रीला कुणी शिकवलं?" आणि आम्ही गप्प बसलो.

या गप्प बसण्याचंच आम्हाला अजून लागतं. शाळेत मुलांनी विजेच्या बोर्डाला हात लावला तर आम्ही सगळा वर्ग डोक्यावर घेतो. इथे, काम धोक्याचं आहे हे समजत असूनही, जन्मदात्यासमोर दुसऱ्यांदा 'नको' म्हणायला जीभ वळली नाही. तो अदब आहे असं वाटत होतं. आम्ही शिडी धरून उभे राहिलो.

त्यांनी पाइपला पाना लावला आणि ब्रॅकेटचा बोल्ट सैल केला. स्प्रिंग एक तुटली होती, पण उरलेल्या दोन पिळलेल्याच होत्या. पाइप मोकळा झाला त्या क्षणी गर्रकन फिरला आणि त्याच्यासोबत तो दीड हात लांबीचा पाना. तो उजव्या मनगटावर बसला. जरा वर लागला असता तर काय झालं असतं, तो विचार आम्ही पुरा करत नाही. अब्बा शिडीवरून आमच्या अंगावर आले. अल्हम्दुलिल्लाह, डोकं वाचलं.

मनगटाचं हाड मोडलं. 6 आठवडे प्लास्टर. वुजू करताना प्लास्टरवर ओला हात फिरवून मसह करायचा, हे इमामसाहेबांनी घरी येऊन समजावलं. पहिले काही दिवस अम्मी लोट्याने पाणी घालायच्या. 22 वर्षं ज्या हाताने लोखंड वळवलं तो हात झोळीत, आणि सजद्यात जाताना डाव्या हाताचा आधार. ते पाहताना घरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

चौथ्या दिवशी शटरचा मिस्त्री आला. गोरखपूरकडचा, पंचविशीचा मुलगा, सोबत एक मदतनीस. अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसले. त्या मुलाने आधी शटरखाली लाकडी टेके लावले. मग दोघांनी दोन बाजूंनी दोन पाने पाइपला लावले. एकाने पूर्ण जोर देऊन पाइप धरून ठेवला, तेव्हाच दुसऱ्याने बोल्ट सैल केला. त्यानंतर एकेक वेढा मोजत, पाने आळीपाळीने बदलत, त्यांनी ताण उतरवला. अब्बा खुर्चीतून उठायला लागले तसा तो वरूनच म्हणाला, "चाचा, अभी पास मत आना." आम्हाला जे जमलं नाही ते त्याने चार शब्दांत सांगितलं, आणि अब्बा चक्क बसले.

एकच स्प्रिंग बदलून भागणार नाही असं तो म्हणाला. बाकीच्याही तेवढ्याच जुन्या आणि पुरात बुडालेल्या होत्या. तिन्ही बदलल्या, दबलेल्या दोन पट्ट्या काढून नव्या घातल्या, खालची पट्टी सरळ केली. त्याने 4,800 रुपये सांगितले. आम्ही सवयीने 4,000 वर आणायला निघालो. अब्बा म्हणाले, "घासाघीस कसली करताय? घाम वाळायच्या आत मजुरी द्या, हे काय फक्त वाझमध्ये ऐकायचं?" हाडाच्या डॉक्टरांचं आणि एक्स-रेचं बिल त्याच्या कितीतरी पट झालं होतं, ते बोलून दाखवायची गरज पडली नाही.

तेव्हापासून घरात ठरलं आहे: चॅनल, कुलूप, तेलपाणी आपलं. वरच्या डब्यातलं काहीही मिस्त्रीचं. शटर तिरकं झालं, अचानक जड झालं, मध्येच अडकलं की जोर करायचा नाही. अर्ध्यावर अडकलेल्या शटरखालून वाकून ये-जा तर मुळीच नाही, गाडी आत राहिली तर राहू दे.

आमच्या मावसबहिणीकडे मोटरचं शटर आहे. रिमोट दाबला की वर जातं, आणि मुलांना तो खेळ वाटतो. आम्ही तिला दोन गोष्टी विचारल्या. वीज गेल्यावर ते हाताने कसं उघडायचं? तिला माहीत नव्हतं. खाली येताना मध्ये मूल आलं तर ते थांबतं का? तेही माहीत नव्हतं. अमेरिकेत 1993 पासून घरगुती गॅरेजच्या मोटरला अडथळा आला की दार उलटं फिरवणारी सोय कायद्याने सक्तीची आहे. आपल्याकडे ती मोटरसोबत मिळेलच असं धरून चालू नये, बसवणाऱ्याला विचारून घ्यावी. तिने मिस्त्रीला बोलावून सेन्सर बसवून घेतला आणि रिमोट कपाटात वर ठेवला. पुराचं पाणी मोटरपर्यंत पोचलं असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हेही तिला सांगून आलो.

अब्बांचं मनगट थंडीत अजून दुखतं. मूठ पुरती वळत नाही. जुमाच्या दिवशी सकाळी, गुसल करण्याआधी, ते स्टुलावर बसून डाव्या हाताने चॅनल ब्रशने झाडतात.

गेल्या महिन्यात मागच्या आळीतले एक गृहस्थ आले. त्यांचं शटर जड झालं होतं, अब्बांकडे मोठा पाना आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. अब्बांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, प्लास्टरची गोष्ट सांगितली आणि भिंतीवर लिहून ठेवलेला मिस्त्रीचा नंबर दिला. पाना दिला नाही.