लोहाराची वाट

ऐन मे महिन्यात रानात जायचे म्हणताच घरातून प्रश्न आला, "अहो, या उन्हात तिथे पाहायचं काय? सगळं वाळलेलं!" पण आमच्या मराठीच्या वर्गात यंदा सातच मुले, आणि पुढे हा वर्ग राहील की नाही याची महाविद्यालयात उघड कुजबुज. सात जणांना बाकावर बसवून प्राकृत शिकवण्यापेक्षा कान्हेरीला न्यावे, असे मनाने घेतले.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे फाटक ओलांडले की लेण्यांपर्यंत सहाएक किलोमीटरची चाल. लोक बसने जातात. आम्ही पायी निघालो. तुम्ही हसाल, पण मला उन्हाळ्यातलेच रान आवडते. पावसाळ्यात ते नुसते हिरवे असते. मेमध्ये झाड न् झाड वेगळे ओळखू येते. सागाची पाने पायाखाली पापडासारखी मोडतात, मध्येच एखादा बहावा पिवळाधमक उभा असतो. करवंदे पाहून मुलांचे हात शिवशिवले. पण तोडायला बंदी आम्हाला, माकडांना नव्हे!

दहाच्या सुमारास लेण्यांशी पोचलो, तेव्हा कातळ तापला होता. तिसऱ्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्ती पाहून झाल्या. माझे लक्ष मात्र पाण्याकडे. इथे शंभराहून अधिक लेणी आणि बहुतेकांच्या दाराशी कातळात खोदलेले टाके. डोंगरउतारावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी त्यांत आणलेले. याच रानात १८६० च्या सुमारास विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून मुंबईला पाणी दिले गेले. भिक्षूंनी ती युक्ती फार आधी ओळखली होती.

इथल्या ब्राह्मी लेखांत गुहेला शब्द आहे 'लेण' आणि टाक्याला 'पोढी'. लेणे तर आपण रोज बोलतो; पोढी गडांवर हिंडणाऱ्यांच्या तोंडी आजही आहे. मी म्हटले, "दान देणारे सारे राजे नव्हते बरं का. कल्याणच्या एका लोहारानं इथं वाट करून दिली, तसा लेख आहे."

मागे बसलेली एक मुलगी, वर्षभर वर्गात चकार शब्द न काढणारी, एकदम म्हणाली, "सर, आम्ही कल्याणचेच. बाबा वेल्डिंगचं काम करतात." मग जरा थांबून, "वाट हा शब्द कसा लिहिलाय त्यांनी?"

"पथ," मी म्हटले आणि काटकीने धुळीत दोन अक्षरे काढली. 'थ' म्हणजे नुसते वर्तुळ, मध्ये टिंब. तिने वहीत उतरून घेतली आणि फोटो काढून वडिलांना पाठवला.

उतरताना उत्तर आले. तिने ते मोठ्याने वाचून दाखवले : "वाट अजून मजबूत आहे का, ते नीट बघून ये."

ती पायऱ्या तपासत, सगळ्यांच्या मागून उतरली.