धनुष्य राहिले, बाण गेला!

कॅनडातील कॅल्गरी शहरात गेलो की 'द बो' पाहावीच लागते. बो म्हणजे धनुष्य. 58 मजल्यांची, 236 मीटर उंचीची ही काचेची इमारत धनुष्यासारखीच बाकदार आहे. गावची नदीही बो. तिच्या काठच्या झाडोऱ्यापासून मूळ रहिवासी धनुष्ये करीत, म्हणून ते नाव. एन्काना या तेल-वायू कंपनीने 2006 मध्ये आपल्या कचेरीसाठी हिचा बेत जाहीर केला. नॉर्मन फॉस्टर यांनी थंडीच्या मुलखातले ऊन वेचण्यासाठी तिचा बाक दक्षिणेकडे वळवला. 2012 मध्ये इमारत उभी राहिली. आणि 2020 मध्ये कंपनी नाव बदलून चक्क अमेरिकेत गेली! आपल्याकडे वाडा बांधतात तो नातवंडांसाठी. इथे बांधणाराच आधी बिऱ्हाड हलवतो. मान वर करून पाहताना कौतुक वाटले, अन् थोडी कीवही आली.