थांबायचं कसं, ते आधी

गेल्या जानेवारीत बायको आणि सात वर्षांची लेक दहा दिवसांसाठी गुलमर्गला आल्या. पुण्याहून निघतानाच लेकीनं जाहीर केलं होतं, की तिला स्कीइंग नको, स्नोबोर्डच हवा. कुठल्या तरी व्हिडिओत पाहिला होता. मी म्हटलं, बाप बर्फातच नोकरी करतो, शिकवील की.

खरं तर मला स्की येतात. बोर्ड जेमतेम दोन हिवाळे चालवलाय. आणि शिकवायची सवय आहे ती जवानांना.

सैन्यात ९००० फुटांच्या वर गेलं की पहिले सहा दिवस विरळ हवेची सवय होण्यासाठी राखून ठेवतात. गुलमर्ग त्या रेषेच्या किंचित खाली, ८७०० फुटांच्या आसपास. म्हणजे नियम लागू नाही, अशी मी स्वतःची सोय करून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला तिला उतारावर नेलं. तीन ही वाईट वेळ. ऊन डोंगराआड जायला लागतं आणि दिवसा मऊ झालेला बर्फ पुन्हा गोठून टणक होतो. भाड्याने तिच्या मापाचे बूट मिळाले नव्हते, म्हणून एक नंबर मोठे घेऊन आत दोन जोड मोजे घातले होते. हेल्मेट होतं. मनगटाला काही नव्हतं.

ती पडली. मी म्हटलं, "ऊठ, पुन्हा." पुन्हा पडली. "ऊठ, पुन्हा." खडकवासल्याला तीन वर्षांत हे दोन शब्द इतके अंगात भिनले आहेत, की तोंडातून आपोआप येतात. चौथ्यांदा ती उठली नाही. रडलीही नाही, ते जास्त वाईट. उजवा हात पोटाशी धरून नुसती बसून राहिली.

आमच्याकडचे एक उस्ताद, लाहौलचे हवालदार, खालून बघत होते. वर आले, तिचे बूट सोडले, पाय चोळले आणि हळूच म्हणाले, "साहब, बच्ची है, जवान नहीं है."

डॉक्टरांनी हात तपासला. मनगट मुरगळलं होतं, हाड वाचलं होतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, थांबायचं कसं ते तू सांगितलंच नाहीस."

चार दिवस बोर्ड बंद. त्या दिवसांत मी उस्तादांच्या शेजारी बसून जे ऐकलं, ते आधीच ऐकायला हवं होतं. स्कीवर दोन पाय वेगळे असतात, त्यामुळे गुडघे दुखावतात. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. तोल गेला की एक पाय पुढे टाकून सावरता येत नाही, अख्खं शरीर जातं आणि माणूस आपसूक उघडा पंजा पुढे करतो. म्हणून नवशिक्यांची मनगटं आधी जातात. उपाय दोन: आत ताठ पट्टी असलेले रिस्टगार्ड, आणि पडायचा सराव. हा सराव तिनं खोलीत गादीवर केला. पुढे पडायचं तर आधी गुडघे, मग कोपरापर्यंतचा हात, मुठी मिटलेल्या. मागे पडायचं तर बुडावर, हनुवटी छातीला टेकलेली, हात छातीवर. दुखरा हात तेवढा जपला. तिला हा खेळच वाटला; बायकोलाही दोनदा पाडून झालं.

मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरायला लावलं, तेव्हा ती डावा पाय पुढे टाकते हे कळलं. मी तिला उजवा पुढे ठेवून उभी केली होती, कारण माझा उजवा पुढे असतो. बूटही दुसरीकडून मिळवले: एकच पातळ मोजा आणि पुढे वाकल्यावर टाच जराही उचलली जाता कामा नये. टाच उचलली गेली तर बोर्ड पायाचं ऐकत नाही. बोर्डची उंची तिच्या छाती आणि हनुवटीच्या मध्ये. उंच बोर्ड "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून घेणं हा आपला मध्यमवर्गीय हिशेब, तो इथे नको.

सातव्या दिवशी सकाळी दहाला, जवळजवळ सपाट जागेवर सुरुवात झाली. आधी एकच पाय बांधून नुसतं सरकणं. मग दोन्ही पाय, बोर्ड उताराला आडवा, उस्ताद समोर तिचे दोन्ही हात धरून उलटे चालत. टाचांकडची कड दाबली की थांबतं, सैल सोडली की सरकतं. थांब, सरक, थांब. अर्धा तास एवढंच. उस्तादांनी मला दहा पावलं लांब आणि गप्प राहायला सांगितलं होतं. मग गरम पाणी, खजूर, आणि बोटं गार पडली आहेत का ते हातमोजा काढून बघणं. लहान अंगातली ऊब भराभर जाते आणि खेळात रमलेलं मूल ते सांगत नाही.

नवव्या दिवशी ती वीसेक मीटर एकटी आली. वाऱ्यावर झाडाचं पान येतं तशी, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. माझ्या अलीकडे टाच दाबून थांबली, बुडावर बसली आणि पट्टे सोडायला लागली.

"अजून एकदा?" मी विचारलं.

"नाही. आज बस."

पावणेअकराच वाजले होते, ऊन स्वच्छ होतं, बर्फ उत्तम होता. मी बोर्ड खांद्यावर घेतला आणि आम्ही कहवा प्यायला गेलो.