यंत्राची नाडी

राईटबंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत किटी हॉकजवळच्या वाळूच्या मैदानांत विमान उडविलें, हें शाळेंतील लहान पोरासहि ठाऊक असतें. पण ज्या इंजिनानें तें विमान उचललें त्याची हकीकत क्वचितच कोणी सांगतो. मीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. यंत्रांशीं माझा धंद्याचा संबंध कधींच आला नाहीं. तरी ही हकीकत मला एखाद्या आख्यानाइतकी रसाळ वाटते, आणि आपल्यासारख्या घरांनीं तींतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

सुमारें ८ अश्वशक्तीचें हलकें इंजिन त्या बंधूंना हवें होतें. मोटारींच्या कारखानदारांना पत्रें लिहून पाहिलीं, परंतु मनाजोगें कोठें मिळेना. तेव्हां डेटन गांवच्या आपल्या सायकलच्या दुकानांत तें घरींच करावयाचें ठरलें. दुकानांतील कारागीर चार्ली टेलर यानें लेथ आणि भोंकें पाडण्याचें यंत्र एवढ्या सामग्रीवर तें सुमारें ६ आठवड्यांत उभें केलें. सिलिंडर ४, कवच ॲल्युमिनियमचें ओतीव. फेब्रुवारी १९०३ मध्यें तें प्रथम चाललें. दुसऱ्याच दिवशीं पेट्रोल ठिबकून बेअरिंगें अडकलीं आणि कवच फुटलें. नवें कवच ओतवून पुन्हां आरंभ करावा लागला.

इंजिन जोडणें निराळें आणि इंजिन लावणें निराळें. तंबोऱ्यावर चार तारा चढविल्या म्हणजे तंबोरा लागला असें होत नाहीं. खुंटी पिळावी लागते, जवारी साधावी लागते. इंजिनाच्याहि अशा दोन खुंट्या आहेत. एक मिश्रणाची. वजनानें १ भाग पेट्रोलास सुमारें १५ भाग हवा, हें सर्वसाधारण प्रमाण. पेट्रोल अधिक झालें तर काळा धूर निघतो व आंत काजळी धरते. फार कमी झालें तर इंजिन अडखळतें. दुसरी खुंटी ठिणगीच्या वेळेची. सिलिंडरांतील मिश्रण पुरतें पेटावयास क्षणाचा कांहीं अंश लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यास पोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडावी लागते. फार आधीं पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यासच उलट धक्का बसतो. उशिरां पडली तर शक्ति धुराबरोबर फुकट जाते. अर्धी मात्रा वांचली म्हणजे वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो असें आम्हां संस्कृतवाल्यांत म्हणतात. पेंच पाव फेरा फिरवून इंजिन सुरांत आणणाऱ्या कारागिराचा आनंद याच जातीचा असला पाहिजे.

राईटबंधूंच्या इंजिनास पुढच्या काळांतल्यासारखा कार्ब्युरेटर नव्हता. लहानशा टांकींतून पेट्रोल आपल्या भारानें खालीं येई, इंजिनाच्या उष्णतेनें त्याची वाफ होई आणि हवेबरोबर ती आंत ओढली जाई. उडत असतां वेग कमीजास्त करण्याची कळहि नव्हती. जें कांहीं जुळवावयाचें तें जमिनीवर. विमान सुटलें कीं जुळवाजुळव संपली. परीक्षेच्या दालनांत शिरल्यावर पाठांतर करतां येत नाहीं, तसेंच हें.

त्या बंधूंचें मला विशेष कौतुक वाटतें तें त्यांच्या मोजमापाबद्दल. इंजिन सुरू होतांच कांहीं सेकंद सुमारें १६ अश्वशक्ति देई; मिनिटभरानें १२ च उरे. एखादा उतावळा मनुष्य १६ चा आंकडा उराशीं धरून बसला असता. यांनीं टिकणारी शक्ति कोणती तें पाहिलें, आणि विमानानें किती भार पेलावा याचा हिशेब तीवर बसविला. किटी हॉकला गेल्यावर नोव्हेंबरांत निराळेंच संकट आलें. ठिणगी मधूनच चुके, इंजिन हिसके देई, आणि त्या हिसक्यांनीं पंख्यांचे दांडे निकामी झाले. ते दुरुस्त होऊन आले तों सांखळीचीं दांतेरी चक्रें ढिलीं पडूं लागलीं. तीं सायकलच्या टायरास लावावयाच्या लुकणानें पक्कीं केलीं. मग एका दांड्यास चीर गेली. तेव्हां धाकटा ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला आणि पोलादाचे नवे दांडे घेऊन ११ डिसेंबरला परतला. त्यानंतर ६ दिवसांनीं विमान उडालें. पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें, चौथें ५९ सेकंदांचें.

आतां त्यांच्या घरांत डोकावूं. वडील धर्मोपदेशक. आई १८८९ सालींच निवर्तली. ती हत्यारें चालविण्यांत कुशल होती. बहीण कॅथरिन पदवीधर असून डेटनच्या हायस्कुलांत लॅटिन शिकवीत असे. दोघे बंधु मात्र कॉलेजांत गेले नव्हते. लॅटिन म्हणजे तिकडची संस्कृतच! एकाच छपराखालीं बहीण विभक्ति चालवी आणि भाऊ पेंच पिळीत. आणि एकानें दुसऱ्यास हलकें लेखल्याचें माझ्या तरी वाचनांत नाहीं. १९०८ सालीं विमान कोसळून ऑर्व्हिल जबर जखमी झाला, तेव्हां हीच बहीण शाळा सोडून त्याच्या उशाशीं जाऊन राहिली.

हें सारें सातासमुद्रापलीकडचेंच आहे असेंहि नाहीं. मुंबईंत कांदिवलीस कॅप्टन अमोल यादव यांनीं राहत्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ सालीं तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली.

गेल्या वर्षीं आमच्या घरींहि या विषयावरून वाद झाला. पुतण्याचा मुलगा बारावीस उत्तम गुण मिळवून म्हणाला, “आजोबा, मला विमानांच्या देखभालीचें शिक्षण घ्यायचें आहे.” चार दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. “पानाच हातांत धरायचा होता तर एवढे गुण मिळवले कशाला?” असें वहिनी म्हणाल्या. पुतण्यानें फी भरण्याचें साफ नाकारलें. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें, पण तो हट्टानें एक शब्दहि बोलला नाहीं. पहिली फी मीं माझ्या निवृत्तिवेतनांतून भरली. पुतण्याचा राग अद्याप पुरता निवळलेला नाहीं.

दिवाळीच्या सुटींत मुलगा आला आणि माझी जुनी स्कूटर त्यानें अंगणांत काढली. पेंच किंचित् फिरवावा, थांबावें, ऐकावें, पुन्हां किंचित् मागें घ्यावा, असें त्याचें अर्धा तास चाललें होतें. वैद्यानें रोग्याची नाडी पाहावी तशी त्याची मुद्रा होती. “आजोबा, आतां ऐका,” तो म्हणाला. अडखळणारे ठोके खरोखरच एकसारखे पडूं लागले होते. वहिनी ओटीवर उभ्या राहून पाहत होत्या. त्या बोलल्या कांहींच नाहींत. आंत जाऊन त्याचे काळे हात धुवावयास वाटीभर डाळीचें पीठ घेऊन आल्या.

आपल्या घरांतून विद्येचा मान मोठा, आणि तो योग्यच आहे. पण विद्या जिव्हेवर वसते तशीच ती बोटांतहि वसते, हें मुलें सांगूं लागलीं म्हणजे वडीलधाऱ्यांनीं ऐकून घ्यावें. व्याकरणांत मात्रा चुकली तर हंसें होतें. विमानाच्या इंजिनांत ती चुकली तर माणसें जातात. असें काम ज्याच्या हातीं सोंपवावयाचें, तो घरांतला सर्वांत हुषार मुलगा असला तर त्यांत वाईट तें काय?