हाडवळ्याचा सातबारा

नेवासं म्हटलं की बाहेरच्या माणसाला पैस खांब आठवतो, ज्ञानेश्वरी आठवते. मला आठवतो तो सातबाऱ्यावरचा ‘इनाम वर्ग ६ ब’ हा शेरा. इथल्या कोर्टात जमिनीचे दावे चालवतो, त्यामुळे तो शेरा दिसला की पक्षकाराला आधी जुने फेरफार काढायला पाठवतो. हा शेरा म्हणजे महार वतन, गावच्या बोलीत हाडकी-हाडवळा. ही जमीन आणि बलुत्याचं धान्य एवढाच मोबदला. त्या बदल्यात चावडीवर हजेरी द्यायची, सारा कचेरीत पोचवायचा, मयताची खबर परगावी न्यायची, मेलेलं जनावर ओढायचं. रात्री-अपरात्री हाक आली तरी निघायचं.

कायद्याच्या पुस्तकात मात्र हिंदुस्थानातली गुलामी १८४३ मध्येच मोडीत निघाली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, मुंबई सरकारनं वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून याच पिढीजात चाकरीला कलमांचं कुंपण घातलं!

ते कुंपण काढायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कामावरचा माणूस सापडला नाही तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला धरून नेतात, हे त्यांनी सभागृहात सांगितलं. वकील म्हणून मला यातच सगळं दिसतं. नोकरी एका माणसाची असते. इथं अख्खं घर बांधलेलं होतं. त्यांचा तोडगा रोखठोक होता: ज्याला वतन सोडायचंय त्यानं पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी आणि चाकरीतून मोकळं व्हावं. बलुत्याचीही रोख रक्कम व्हावी, म्हणजे कुणाच्या खळ्यावर हात पसरायला नको. विधेयक पडलं तर महारांचा संप उभारू, असंही त्यांनी बजावलं. प्रवर समितीत त्याची पार मोडतोड झाली, तेव्हा १९२९ मध्ये त्यांनी ते मागं घेतलं.

पण विषय सोडला नाही. वतनी जमिनींवरचा सवलतीचा सारा, म्हणजे जुडी, वाढली, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये आमच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला महार, मांग आणि वेठियांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेबच होते.

वतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये. तो बघायला बाबासाहेब नव्हते. चाकरी गेली. कब्जाची रक्कम भरणाऱ्याला जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीनं: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ही शर्त काढा म्हणणारे माझ्या पक्षकारांतही आहेत आणि त्यांची अडचण खरी आहे. पोरीचं लग्न, दवाखाना परवानगीसाठी थांबत नाही. तरी माझं मत शर्त राहावी असंच आहे. शर्त असूनही साध्या स्टॅम्पवर साठेखत करून, थोडी रक्कम हातावर टेकवून कब्जा घेणारे कमी नाहीत. असा कागद कुणी पुढं केला की मी आधी एवढंच विचारतो, परवानगीचा हुकूम कुठाय?