दोऱ्याचं टोक

नायलॉनचा दोरा स्पिरिटच्या दिव्यापाशी न्यायचा, टोक वितळून गोल झालं की झटकन मागे घ्यायचा. क्षणाचा उशीर झाला तर टोकाची गोळी होई आणि दोरा कचऱ्यात. १९९८च्या सुमारास आमच्या प्रयोगशाळेतली सकाळ अशी उजाडायची. मग पक्षाघातावरची औषधं तपासण्यासाठी भूल दिलेल्या उंदराच्या कॅरोटिड धमनीतून तो वर सरकवायचा, मेंदूच्या मधल्या धमनीचं तोंड बंद करायचं, तासाभराने काढायचा. कोइझुमी यांनी १९८६मध्ये आणि लोंगा यांनी १९८९मध्ये मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, दाखवलेली ही रीत पंचवीस ग्रॅमच्या माऊसवर करताना आम्ही घामाघूम व्हायचो. दोरा पोचला की बोटांना किंचित अडथळा जाणवे. तेवढाच पुरावा. जास्त लोटला तर धमनी फाटून जनावर जाई.

आता सिलिकॉनच्या टोकाचा, ठरावीक जाडीचा दोरा पाकिटातून येतो. कवटीवरचा लेझर डॉप्लर रक्तप्रवाह उतरलेला पडद्यावर दाखवतो. उंदराला ऊब द्यायला आमच्याकडे टेबललॅम्प होता. आता उंदराच्याच तापमानावर चालणारी गादी आहे. ही चैन नव्हे. शरीर गार पडलं की मेंदूची हानी कमी होते आणि श्रेय औषध लाटतं.

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या चकत्या टीटीसी या रंगद्रव्याच्या द्रावणात टाकायच्या. जिवंत भाग गाजरासारखा लाल, मेलेला खोबऱ्यासारखा पांढरा. ते रंग चढताना बघायला मी जेवण सोडून थांबे. मग पारदर्शक कागदावर कडा गिरवून आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे. आता एमआरआयमुळे त्याच जिवंत उंदराचा मेंदू आठवडाभराने पुन्हा बघता येतो. पंजाला चिकटवलेली पट्टी तो किती सेकंदांत काढतो, हेही मोजतात.

कडेवरचे अर्धे चौकोन मात्र मला अजून टोचतात. कोणत्या उंदराला औषध दिलंय, ते मला ठाऊक असे. खोटेपणा कुणी केला नाही. अर्धे चौकोन आपोआप औषधाच्या बाजूने पडत. प्राण्यांमध्ये चमकलेलं एनएक्सवाय-०५९ हे पक्षाघातावरचं औषध २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या माणसांवरच्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरलं, तेव्हा मला पहिल्यांदा माझे कागद आठवले.

आता मोजणाऱ्याला फक्त सांकेतिक क्रमांक दिसतात. परवा विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, अर्ध्या चौकोनांचं तुम्ही काय करायचात?”

मी तिला दोरा कसा वितळवायचा ते सांगायला लागले.