शेवटचे तीस फूट

‘‘हुबळीत सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी एक प्रश्न विचारावा,’’ असं माझे सासरे गमतीने म्हणायचे, ‘‘तुमच्या गल्लीत नळ कितव्या दिवशी येतो?’’ बेळगावहून लग्न होऊन आले तेव्हा मी त्यावर नुसती हसले होते. पहिल्याच आठवड्यात पहाटे साडेचारला शेजारणीची हाक आली, ‘‘अक्कार, नीर बंतु!’’ आणि अख्खी गल्ली घागरी, बादल्या, पंपाच्या वायरी घेऊन जागी झाली. त्या दिवसापासून आमच्या घरात सोमवार-मंगळवार नावापुरते उरले. नळाचा दिवस, नळाच्या आदला दिवस, असेच वार आम्ही मोजत आलो.

ही गोष्ट २००९ च्या पावसाळ्यातली. तेव्हा आमच्या गल्लीत सहाव्या दिवशी पाणी यायचं. अंगणात जमिनीखाली संप, नळाच्या लाइनलाच जोडलेला पंप, गच्चीवर टाकी आणि स्वयंपाकघरात भिंतीवर फिल्टर, असा आमचा थाट होता. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत सार्वजनिक नळ लांब होता. म्हणून जाताना त्या आमच्या अंगणातल्या नळावर दोन घागरी भरून न्यायच्या. सासूबाईंनीच तशी पद्धत पाडली होती. पाण्याला नाही म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं.

त्या जुलैत मावशींच्या नववीतल्या मुलीला कावीळ झाली. ‘‘कामणी आग्यैत्री,’’ एवढंच सांगून मावशींनी सुट्टी घेतली. चार दिवसांनी पोरगी दवाखान्यात दाखल झाली. मी शहाळं घेऊन बघायला गेले. डोळे हळदीसारखे पिवळे, हाताला सलाईन. डॉक्टर विचारत होते, ‘‘प्यायचं पाणी कुठलं?’’ मावशींनी विश्वासाने उत्तर दिलं, ‘‘अक्कार मनीदरी. छलो नीर ऐत्री.’’ अक्कारांच्या घरचं, चांगलं पाणी आहे!

हातातलं शहाळं मला एकदम जड झालं. आमच्या घरात आम्ही पीत होतो ते फिल्टरचं. मावशी नेत होत्या ते संपातलं. हा फरक इतकी वर्षं माझ्या कधी मनातच आला नव्हता.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या मशीनवाल्याला बोलावलं. त्या विक्रेत्याने दोन पेल्यांत पाणी घेतलं, त्यांत विजेच्या कांड्या बुडवल्या, आणि आमच्या नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं. सासूबाईंनी ‘‘अगंबाई!’’ म्हणून तोंडाला पदर लावला. हे चेकबुक शोधायला आत गेले. नेमक्या तेव्हाच धारवाडहून आमच्या वन्सं आल्या. त्या कॉलेजात विज्ञान शिकवतात. विक्रेता गेल्यावर म्हणाल्या, ‘‘वहिनी, त्या कांड्या लोखंडाच्या. पाण्यात क्षार असले की त्यांतून वीज जाते, लोखंडच विरघळतं आणि गंज तरंगतो. त्यात जंतूंचा काही संबंध नाही. बोअरचं जड पाणी असेल तर असं मशीन कामाचं. आपलं नदीचं पाणी. आधी ते कुठे बिघडतं ते बघू.’’

पुढच्या खेपेला त्यांनी प्रयोगशाळेतून चार छोट्या बाटल्या आणल्या. या बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ते काळं पडलं, तर त्यात मैल्यातले जंतू असण्याचा संभव. नळाच्या दिवशी पहिली बाटली भरली ती नळ सुटल्या सुटल्या. दुसरी त्याच नळाखाली, पंप न लावता पाव तास पाणी वाहू दिल्यावर. तिसरी संपातून, चौथी फिल्टरखाली. दोन दिवसांनी पहिली काळीकुट्ट. दुसरी स्वच्छ. संपातली काळी. फिल्टरची स्वच्छ. म्हणजे आम्ही वाचलो होतो, आणि मावशींच्या घागरीत काळ्या बाटलीतलं पाणी जात होतं.

मग प्लंबर अण्णा आले. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर पाइप-पान्याची पिशवी. आईचं माहेर निपाणीचं, त्यामुळे एका वाक्यात दोन्ही भाषा. चारही बाटल्या उजेडात धरून त्यांनी निकाल दिला, ‘‘नीर केट्टिल्लरी अक्कार, पैप केट्टैत्री.’’ पाणी बिघडलेलं नाही, पाइप बिघडलाय.

आणि खरंच होतं ते. पूर्वी हुबळीला उणकल तलावाचं आणि धारवाडला केलगेरी तलावाचं पाणी असायचं. १९५० च्या दशकात नीरसागर झालं. १९८३ पासून सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणातून मलप्रभेचं पाणी येऊ लागलं. ते अम्मिनभावीला गाळून, क्लोरिन घालून आपल्याकडे निघतं. पन्नासेक किलोमीटर येऊन ते रस्त्याखालच्या मोठ्या पाइपापर्यंत पोचतं. तिथून आमच्या संपापर्यंतचं अंतर होतं तीस फूट. ते तीस फूट आमचे.

अण्णा म्हणाले, आज काही उकरायचं नाही, नळाच्या दिवशी येतो. पहाटे चारला ते टॉर्च घेऊन हजर. दारासमोरच्या गटारीवरची फरशी उचलली आणि मला हाक मारली. आमचा अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप गटारीच्या पोटातून, काळ्या पाण्यात अर्धा बुडून येत होता. एका सांध्यावर कुणीतरी केव्हातरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ती सोडल्यावर खाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक दिसलं. नळ सुटला तसं भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर उडू लागली.

‘‘आता पंप लावा,’’ अण्णा म्हणाले. ह्यांनी बटण दाबलं. बाहेर उडणारी धार थांबली. अण्णांनी वर्तमानपत्राचा ओला तुकडा भोकाजवळ नेला. तो चटकन ओढला जाऊन भोकाला चिकटला आणि मधोमध फाटून आत गेला.

कुणी काही बोललं नाही. इतकी वर्षं आमचा पंप नळाबरोबर गटारही ओढत होता. पंप नसतानासुद्धा सहा दिवस रिकाम्या पाइपात गटारीचं पाणी झिरपत राहायचं, आणि नळ आला की पहिला लोंढा तेच घेऊन संपात पडायचा. मी मात्र पाणी गढूळ आलं की महापालिकेच्या नावाने बोटं मोडत होते.

अण्णांनी काम सांगितलं, तेव्हा घरात थोडी वादावादीही झाली. लाइनवरचा पंप काढायला हे तयार होईनात. ‘‘सगळ्या गल्लीचे पंप चालू, आपण काढला तर आपल्याला थेंब मिळेल का?’’ अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘सगळे ओढतात म्हणूनच कुणाला पुरत नाही, साहेब. संप जमिनीखाली आहे, पाणी आपोआप उतरेल. वेळ लागेल, पण येईल.’’ शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्या पोरीचे डोळे बघून आल्यावर मला नाही तो पंप दारात नको.’’ विषय तिथे मिटला.

रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन नवी लाइन टाकली. लोखंडाऐवजी काळा प्लॅस्टिकचा अखंड पाइप, गटारीच्या वरून, दुसऱ्या जाड पाइपात घालून नेलेला, वाटेत एकही सांधा नाही. संपाच्या तोंडाशी एक टी आणि दोन व्हॉल्व्ह. नळ आला की पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी झाडांना, मग संपाला. पंप आता फक्त संपातून गच्चीवर पाणी चढवतो. संपाचं झाकण अंगणाच्या पातळीला होतं, पावसाचं पाणी आत जायचं. त्याला अर्धा फूट उंच कठडा बांधला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे संपाच्या आधीच, थेट लाइनवर, अंगणात एक नळ बसवला, फक्त पिण्याचं पाणी भरायला.

संप धुताना अण्णांनी आदल्या दिवसापासून झाकण उघडं ठेवायला लावलं. कोंडलेल्या हवेत माणूस घुसमटतो, म्हणून आत एक उतरला तर वर एक उभा हवाच. भिंती घासून, गाळ काढून संप पुन्हा भरला. हजार लिटरला साधारण दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून एक दिवस तसंच ठेवलं आणि ते सगळं पाणी टाकून दिलं. तसं पाणी प्यायचं नसतं. एकूण खर्च त्या मशीनच्या निम्म्याने आला. वन्संनी पुन्हा चार बाटल्या भरल्या. संपाची बाटली स्वच्छ राहिली, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो नेमका आपल्या हुबळी-धारवाडचा आहे, असं वन्संनी दाखवलं. आपल्याकडे २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं होतं, त्यामुळे तुलना सोपी होती. दिवसाआड-आठवड्याआड पाणी येणाऱ्या भागात नळाच्या जवळजवळ ३२ टक्के नमुन्यांत मैल्यातले ई. कोलाय जंतू सापडले. चोवीस तास पाण्याच्या भागात ते एक टक्क्याहूनही कमी. पाइप सतत भरलेला असला की बाहेरचं आत शिरत नाही, एवढं साधं त्याचं कारण. पण चोवीस तासवाल्यांकडेही घरात साठवलेल्या पाण्यात जंतू निघालेच. आपले हात, आपले पेले! हे ऐकून सासूबाई खूश झाल्या. हंड्यात कुणी पेला बुडवला की त्या ओरडायच्या, आणि पाणी घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं टांगून ठेवायच्या. आम्ही त्याला सोवळं म्हणून हसायचो.

आता राहिली ती एकच गोष्ट. मावशींची मुलगी महिनाभराने बरी झाली. तिची कावीळ आमच्याच पाण्याने झाली, हे काही कुणी सिद्ध केलं नव्हतं. न बोलता विषय संपवता आला असता. ‘नळ नवा बसवलाय’ एवढं सांगून भागलं असतं. पण दवाखान्यातलं ते ‘छलो नीर ऐत्री’ कानातून जाईना. एक दिवस चहा देताना मी मावशींना सगळं सांगितलं. भोक, पंप, काळी बाटली, फिल्टर, सगळं. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये क्षमाही मागितली.

मावशींनी चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. काही बोलल्या नाहीत. पुढचे आठ दिवस कामाला आल्या, पण घागर आणली नाही. मला वाटलं, तुटलं.

त्यानंतरच्या नळाच्या दिवशी पहाटे फाटक वाजलं. मावशी दोन घागरी घेऊन उभ्या होत्या, मागे मुलगी. मावशींनी नव्या नळाखाली ओंजळ धरली, पाणी हुंगलं, सांडून दिलं. मग पदराने हात पुसत मुलीला म्हणाल्या, ‘‘मोदलिन नीर बिडबेकु.’’ पहिलं पाणी सोडायचं असतं. दोघी पाव तास तिथेच पायरीवर बसल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मग आम्ही घागरी भरल्या.